नेताजींना अविवाहित ठेवण्याचा हट्ट

दरवर्षी २३ जानेवारीला आमच्या वाचनालयात सुभाषबाबूंवर व्याख्यान होतं. यंदाचे वक्ते अभ्यासू होते. हरिपुरा, त्रिपुरी, फॉरवर्ड ब्लॉक असा सगळा घटनाक्रम त्यांना तोंडपाठ होता. शेवटी अकरावीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘‘सर, नेताजींच्या पत्नीबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.’’ वक्ते म्हणाले, ‘‘बाळ, ती सगळी आधी इंग्रजांनी आणि नंतर काँग्रेसवाल्यांनी उठवलेली आवई आहे. नेताजी आजन्म ब्रह्मचारी होते. ज्यानं राष्ट्राशी लग्न लावलं त्याला दुसरा संसार कशाला?’’ टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली.

बाहेर चप्पल घालताना शेजारचे एक ज्येष्ठ गृहस्थ मला हळूच म्हणाले, ‘‘लग्न झालं होतं हो, मला ठाऊक आहे. पण त्या बाईपायीच माणूस जर्मनीत जाऊन अडकला. नाहीतर इतिहास वेगळा असता.’’

मी सभेत उठून बोललो नाही आणि दाराशीही नुसता गप्प राहिलो. पहिल्यानं ती बाई पुसून टाकली होती आणि दुसऱ्यानं तिला गुन्हेगार ठरवलं होतं. दोघांनाही सुभाषबाबूंबद्दल अपार आदर आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही दोघांचं म्हणणं खोटं आहे, आणि ते खोटं का आहे हे त्या मुलीला कोणीतरी सांगायला हवं होतं. त्या दिवशी राहून गेलेलं उत्तर आज लिहितो आहे.

आधी हकीकत. जानेवारी १९३२ मध्ये पकडलेल्या सुभाषबाबूंची तब्येत तुरुंगात इतकी ढासळली की सरकारनं त्यांना उपचारांसाठी युरोपात जाऊ दिलं. मार्च १९३३ मध्ये ते तिकडे पोचले आणि व्हिएन्ना हा त्यांचा मुक्काम झाला. पुढच्या वर्षी लंडनच्या विशार्ट या प्रकाशनसंस्थेनं त्यांच्याकडून भारतीय स्वातंत्र्यलढ्यावर पुस्तक मागितलं. ‘द इंडियन स्ट्रगल’ ते हेच. हाताशी इंग्रजी जाणणारं, टंकलेखन आणि लघुलेखन येणारं माणूस हवं होतं. व्हिएन्नातल्या एका भारतीय डॉक्टरांच्या ओळखीतून जून १९३४ मध्ये एमिली शेंकल या तरुणीला ते काम मिळालं. ती तेवीस वर्षांची होती, ते सदतीस वर्षांचे. तिचे वडील जनावरांचे डॉक्टर. घर कॅथलिक, मध्यमवर्गीय. मंदीचे दिवस होते, नोकऱ्या मिळत नव्हत्या, म्हणून मिळालं ते काम तिनं घेतलं.

पुढे काय झालं ते एमिलीनं बोस कुटुंबाला नंतर स्वतः सांगितलं. पुढाकार सुभाषबाबूंचा होता. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे अशा प्रत्येक गोष्टीत बाईनं भुरळ घातली आणि थोर पुरुष घसरला, अशी एकच पटकथा तयार असते. मस्तानीच्या वाट्याला तीच आली. इथे मात्र एका प्रौढ, विचारी, निग्रही माणसानं समजून उमजून एका स्त्रीवर प्रेम केलं आणि तिनं त्याला प्रतिसाद दिला. तो घसरला नव्हता.

हे प्रेम त्यांना देशापासून ओढून नेणारं होतं का, याचं उत्तर १९३६ मध्येच मिळालं. त्या मार्चमध्ये त्यांनी मायदेशी परतायचं ठरवलं तेव्हा व्हिएन्नातल्या ब्रिटिश वकिलातीनं लेखी कळवलं की भारतात पाऊल ठेवलंत तर मोकळे राहाल अशी अपेक्षा करू नका. एमिली व्हिएन्नात होती. प्रेम नवं होतं. युरोपात राहायला तब्येतीचं सबळ कारण होतं. सुभाषबाबू निघाले आणि ८ एप्रिलला मुंबईच्या बंदरात उतरताच पकडले गेले. आपल्या येरवड्याच्या तुरुंगातही त्यांना ठेवलं होतं. नंतर त्यांना दार्जिलिंगजवळच्या कुर्सियांगला थोरल्या भावाच्या, शरदबाबूंच्या, घरी स्थानबद्ध करण्यात आलं. या कैदेतही व्हिएन्नाशी पत्रव्यवहार चालू राहिला. पत्र सेन्सॉरच्या डोळ्यांखालून जायचं, म्हणून मायना ‘मिस शेंकल’ असा कोरडा. आत तब्येतीची विचारपूस, तिनं कोणती पुस्तकं वाचावीत, नोकरीचं काय झालं, असं घरगुती बोलणं. प्रेमपत्रं म्हणून कोणी ती उघडली तर त्याची निराशा होईल. दुसऱ्याचे पोलीस वाचणार हे माहीत असताना माणूस जितकं लिहील तितकंच त्यांत आहे. मात्र निघण्याच्या सुमारास त्यांनी तिला एक पत्र लिहिलं, त्यात मन मोकळं केलं आहे. उरलेलं आयुष्य तुरुंगात जाईल, गोळी लागेल, फाशी होईल, कदाचित पुन्हा भेट होणार नाही, असं त्यात सरळ सांगितलं आहे. आपल्या प्रेमाचा कबुलीजबाब आणि देशाचा पहिला हक्क, दोन्ही एकाच पत्रात आहेत. असं पत्र हाती आल्यावरही एमिली थांबली. ही निवड तिची होती.

नोव्हेंबर १९३७ मध्ये सुभाषबाबू विमानानं पुन्हा युरोपात गेले. ऑस्ट्रियाच्या डोंगरातल्या बादगास्टाइन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी दोघं राहिले. २६ डिसेंबर १९३७ रोजी, एमिलीच्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, त्यांनी गुपचूप लग्न केलं. नंतरच्या जानेवारीत ते लंडनमध्ये असताना काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव जाहीर झालं.

आता ‘आवई’बद्दल. आक्षेप घेणाऱ्यांचं एक म्हणणं मी आधीच मान्य करतो. या लग्नाचा सरकारी दाखला नाही. भटजी नव्हता, साक्षीदार नव्हते, नोंदवहीत सही नाही. तारखेबद्दलही अभ्यासकांत मतभेद आहेत. २६ डिसेंबर ही तारीख एमिलीच्या सांगण्यावर आधारलेली आहे. ज्याच्या मागे गुप्तहेर होते, त्या माणसाच्या गुप्त लग्नाची पावती मिळाली नाही तर त्यात नवल नाही.

पण दाखला नाही म्हणजे पुरावा नाही असं होत नाही. जर्मनीतून पाणबुडीनं निघायच्या दिवशी, ८ फेब्रुवारी १९४३ रोजी, सुभाषबाबूंनी आपल्या थोरल्या भावाला, शरदबाबूंना, बंगालीत पत्र लिहिलं आणि ते एमिलीजवळ ठेवलं. आपण पुन्हा धोक्याच्या वाटेनं निघालो आहोत, कदाचित परतणार नाही, इथे आपण लग्न केलं आहे, एक मुलगी आहे, आजवर आपल्याला दिलंत तेच प्रेम या दोघींना द्या, असा त्याचा आशय आहे. युद्ध संपल्यावर हा मजकूर शरदबाबूंपर्यंत पोचला. १९४८ मध्ये ते पत्नी विभावती आणि मुलांना घेऊन व्हिएन्नाला गेले, एमिलीला भेटले आणि आपल्या भावाच्या मुलीला जवळ घेतलं.

हे शरदबाबू कोण होते? फाळणीच्या प्रश्नावर काँग्रेसशी उभा दावा मांडून बाहेर पडलेले. नेहरू आणि पटेल यांच्यावर टीका करताना त्यांनी कधी हात आखडला नाही. ही कथा काँग्रेसनं रचली असती तर तिचा पहिला फडशा शरदबाबूंनीच पाडला असता. उलट स्वतः जाऊन त्यांनी भावजयीला आणि पुतणीला घरचं मानलं.

दुसरा साक्षीदार तर आणखी मोलाचा आहे. १९४१ च्या १६-१७ जानेवारीच्या मध्यरात्री एल्गिन रोडच्या घरातून पहारा चुकवून सुभाषबाबू निसटले, ती गोष्ट सांगताना आपल्याकडच्या वक्त्यांना आग्र्याहून सुटकेची आठवण होते, आणि ती व्हावीच. ती गाडी चालवत होता त्यांचा वीस वर्षांचा पुतण्या शिशिर. त्यानं त्यांना गोमो स्थानकापर्यंत पोचवलं. त्या रात्रीचं सगळं वर्णन आपण शिशिरकुमार बोस यांच्या शब्दावर मानतो. त्याच शिशिरकुमारांनी सुगत बोस यांच्यासह सुभाषबाबूंची एमिलीला लिहिलेली दीडशेहून अधिक पत्रं संपादित केली आणि १९९४ मध्ये ती नेताजींच्या समग्र वाङ्मयाचा सातवा खंड म्हणून निघाली. गाडी चालवणारा शिशिर खरा आणि पत्रं छापणारा शिशिर खोटा, हे कुठल्या न्यायात बसतं? वक्त्यांना मी हा एकच प्रश्न विचारायला हवा होता.

राहिलं काँग्रेसच्या पैशाचं. २०१६ मध्ये खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांतून कळलं की १९५४ मध्ये नेहरू आणि बिधानचंद्र रॉय यांनी सुभाषबाबूंच्या मुलीसाठी दोन लाख रुपयांचा न्यास केला होता आणि अखिल भारतीय काँग्रेस समितीकडून वर्षाला सहा हजार रुपये जात होते. यावरून काही जणांनी लगेच निष्कर्ष काढला की हे तोंड बंद ठेवण्याचे पैसे. हातात नेताजींच्या हस्ताक्षरातलं पत्र, पदरात त्यांची मुलगी असताना ज्या बाईनं कधी स्वतःहून जगापुढे तोंड उघडलं नाही, तिचं तोंड बंद करायला पैसे कशाला लागतील? राजकारणात वैर असलेल्या माणसाच्या पोरक्या लेकरासाठी तरतूद करणं यात कट शोधावा लागत असेल, तर आपली नजर फार बिघडली आहे.

मग एवढा पुरावा असून ब्रह्मचर्याचा हट्ट का? कारण मूर्ती तशी हवी असते. बोहल्यावरून पळालेले रामदास आपल्या लहानपणीच्या पुस्तकात असतात. बंगालात रामकृष्णांची कामिनी-कांचनाची शिकवण होती आणि विवेकानंदांचा भगवा होता. स्त्री म्हणजे वाटेतला खड्डा, आणि तो टाळून जो गेला तो मोठा, हे माप कोणी मुद्दाम शिकवलं नाही तरी आपल्या हाडीमाशी मुरलं आहे. सुभाषबाबू त्या मापानं मोठे हवेत, म्हणून एमिली नको.

या मापाबद्दल स्वतः सुभाषबाबूंचं मत काय होतं, ते त्यांनी लिहून ठेवलं आहे. ‘ॲन इंडियन पिल्ग्रिम’ हे त्यांचं अपुरं आत्मचरित्र. किशोरवयात रामकृष्ण-विवेकानंदांच्या प्रभावाखाली कामवासना समूळ उपटून टाकण्यासाठी आपण किती झगडलो, मनाची किती ओढाताण करून घेतली, ते त्यांनी त्यात विलक्षण प्रामाणिकपणे सांगितलं आहे. ते सांगून पुढे ते म्हणतात की आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर त्या गोष्टीला पौगंडावस्थेत आणि तारुण्यात दिलं तेवढं अवास्तव महत्त्व आपण बहुधा देणार नाही. त्याच पुस्तकात त्यांनी आपली तात्त्विक श्रद्धाही मांडली आहे. अंतिम सत्य काय, त्याचं मूळ स्वरूप काय, या प्रश्नावर मायावाद बाजूला ठेवून ते ज्या उत्तराशी येतात ते उत्तर आहे प्रेम.

हे पुस्तक कुठे लिहिलं? बादगास्टाइनमध्ये. कधी? डिसेंबर १९३७ मध्ये, दहा दिवसांत दहा प्रकरणं. लग्नाच्या त्याच महिन्यात, एमिली सोबत असताना. एमिलीनं त्यांना हे तत्त्वज्ञान शिकवलं असा दावा मी करणार नाही. त्या विचाराची मुळं त्यांच्या बंगाली वैष्णव वारशात आणि कॉलेजातल्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात आहेत. पण चाळिशीचा एक माणूस विशीतल्या आपल्या कठोर आदर्शाकडे मागे वळून बघतो, त्यातलं काय टाकायचं ते ठरवतो आणि त्याच दिवसांत लग्न करतो, या दोन गोष्टी एकमेकींना माहीत नसतील असं मी मानायला तयार नाही. आपण ज्या सुभाषची पूजा करतो तो सोळा वर्षांचा सुभाष आहे. चाळीस वर्षांच्या सुभाषनं त्याला प्रेमानं निरोप दिला होता.

आता दाराशी भेटलेल्या गृहस्थांचं म्हणणं. बाईपायी जर्मनीत अडकले. इथे तारखाच उत्तर देतात. जानेवारी १९३८ नंतर एप्रिल १९४१ पर्यंत या नवराबायकोची एकदाही भेट नाही. तीन वर्षं! आणि ती वर्षं कोणती? हरिपुरा, राष्ट्रीय नियोजन समिती, गांधीजींचा पाठिंबा असलेल्या पट्टाभि सीतारामय्यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव, त्रिपुरी, राजीनामा, फॉरवर्ड ब्लॉक, रामगड, तुरुंग, उपोषण आणि निसटणं. राजकीय आयुष्यातला सगळ्यात दाट काळ त्यांनी पत्नीचं तोंड न पाहता काढला. यात कुठे अडकलेला माणूस दिसतो?

काबूलला पोचल्यावर त्यांची पहिली धडपड होती सोव्हिएत रशियाकडे जाण्याची. रशियानं दाद दिली नाही. इटालियन पासपोर्टवर, ओर्लांदो माझोत्ता या नावानं, मॉस्को ओलांडून ते २ एप्रिल १९४१ रोजी बर्लिनला उतरले. एमिली व्हिएन्नात होती आणि नंतर बर्लिनला आली. वाट राजकारणानं ठरवली होती, बायको त्या वाटेवर पुढे भेटली.

आणि इथे एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. नाझी जर्मनीची मदत घेणं हा सुभाषबाबूंच्या आयुष्यातला सगळ्यात वादग्रस्त निर्णय आहे. नाझींचा वंशवाद त्यांना कळत नव्हता असं नाही. मार्च १९३६ मध्ये जर्मन अकादमीच्या थीरफेल्डर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याचा स्पष्ट निषेध केला होता. तरीही पाच वर्षांनी शत्रूचा शत्रू म्हणून ते त्यांच्या दारी गेले. तो निर्णय बरोबर की चूक, यावर खुशाल वाद घाला. माझं स्वतःचं मत असं की त्या दारी जाण्याची नैतिक किंमत मोठी होती आणि ती मान्य केल्यानं त्यांचं देशप्रेम उणं होत नाही. पण निर्णय त्यांचा होता. ‘बाईपायी गेले’ म्हणणारा माणूस नेताजींना वाचवायला बघतो आणि त्यांच्या निर्णयाचं ओझं व्हिएन्नातल्या एका टंकलेखिकेच्या डोक्यावर ठेवतो. सुभाषबाबूंनी आपल्या कुठल्याच निर्णयाची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली नाही. त्यांच्या भक्तांनी ती ढकलू नये.

आता त्या बर्लिनच्या दिवसांकडे पाहू. सोफिएनश्ट्रासेवरच्या घरात दोघं एका छपराखाली राहिले तो काळ दोन वर्षांहूनही कमी. प्रेमानं माणूस ढिला पडतो, संसारात गुंतला की ध्येय सुटतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या दोन वर्षांत काय घडलं ते मोजावं. नोव्हेंबर १९४१ मध्ये आझाद हिंद केंद्र सुरू झालं. तिथे नंबियार होते, आबिद हसन होते, आणि गणपुले यांच्यासारखा मराठी माणूसही होता, ज्यांचं त्या दिवसांवरचं पुस्तक १९५९ मध्ये मुंबईहून निघालं. फेब्रुवारी १९४२ मध्ये आझाद हिंद रेडिओवरून सुभाषबाबूंनी स्वतःच्या नावानं पहिलं भाषण केलं. युद्धकैद्यांतून सुमारे तीन हजार भारतीय सैनिकांची तुकडी उभी राहिली. ‘जय हिंद’ हे अभिवादन इथे ठरलं. ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून इथे निवडलं गेलं आणि सप्टेंबर १९४२ मध्ये हाम्बुर्गला वाद्यवृंदावर वाजलं. ‘नेताजी’ ही उपाधीसुद्धा इथलीच. आज २३ जानेवारीच्या व्यासपीठावर वक्ता ज्या तीन गोष्टींशिवाय उभाच राहू शकत नाही, त्या तिन्ही, म्हणजे नेताजी म्हणणं, जय हिंद म्हणणं आणि शेवटी उभं राहून राष्ट्रगीत गाणं, त्यांच्या संसाराच्या दोन वर्षांत जन्मल्या. त्या केंद्राच्या कामात एमिलीचाही हात होता. हाम्बुर्गला राष्ट्रगीत वाजलं तेव्हा ती गरोदर होती.

२९ नोव्हेंबर १९४२ रोजी व्हिएन्नात अनिताचा जन्म झाला. सुभाषबाबूंनी डिसेंबरमध्ये तिला पाहिलं. मुलगी दहा आठवड्यांची असताना ते कील बंदरात पाणबुडीत चढले. सोबत एकटे आबिद हसन. पुढचे तीन महिने पाण्याखाली, मादागास्करजवळ भर समुद्रात जर्मन पाणबुडीतून जपानी पाणबुडीत, मग तोक्यो, मग सिंगापूर. पुन्हा भेट झाली नाही.

आता उलट बाजूच्या लोकांशीही दोन शब्द. कारण एमिलीचं अस्तित्व मान्य करणाऱ्यांत असेही आहेत ज्यांना यात पडद्यावरची प्रेमकथा हवी आहे. त्यांच्या मते ती नेताजींची स्फूर्ती होती, त्यांच्या प्रत्येक पराक्रमामागे होती. मी अलीकडे कुणाकडून तरी असंही ऐकलं की झाशीची राणी पथकाची कल्पना एमिलीमुळे सुचली. याला काडीचा आधार नाही. १९२१ मध्ये देशबंधू दासांच्या पत्नी बासंतीदेवी कलकत्त्याच्या रस्त्यावर खादी विकताना पकडल्या गेल्या, त्या सुभाषबाबूंना आईच्या जागी होत्या. १९२८ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये लतिका घोष यांच्या नेतृत्वाखाली गणवेशातल्या स्वयंसेविका चालल्या, त्या पथकांचे प्रमुख सुभाषबाबूच होते. सिंगापूरला लक्ष्मी स्वामीनाथन यांच्या हाती पथक सोपवलं त्यामागे बंगालमधली ही वीस वर्षं आहेत. खोटी स्तुती करून एमिलीचा मान वाढत नाही. त्या लतिका घोषांचा मात्र कमी होतो.

तिसरा साचा त्यागमूर्तीचा. तो सगळ्यात सोज्वळ आणि म्हणून सगळ्यात धोक्याचा. आपण मराठी माणसांनी तो फार वापरला आहे. काळ्या पाण्यावर गेलेल्या बाबाराव सावरकरांची भेट न होताच येसूवहिनी गेल्या. त्यांना आपण साध्वी म्हणून हात जोडले आणि त्या रोज काय खात होत्या, कुणाच्या दारात राहत होत्या, हे फारसं विचारलं नाही. चापेकर बंधूंना फाशी झाली तेव्हा मागे तरुण विधवा होत्या. त्यांची नावं किती जणांना सांगता येतील? त्यागमूर्ती म्हटलं की बाईचा हिशोब पुरा होतो आणि समाज मोकळा होतो. एमिलीला तसं मखरात बसवायचं नसेल तर तिचं आयुष्य जसं होतं तसं पाहावं लागेल.

ते असं होतं. ऑगस्ट १९४५ मध्ये व्हिएन्नातल्या स्वयंपाकघरात ती आई आणि बहिणीसोबत बसली होती, हातात लोकरीचा गुंडा होता, रेडिओवर संध्याकाळच्या बातम्या चालू होत्या. विमान अपघातात सुभाषचंद्र बोस गेल्याचं तिला त्या बातमीतून कळलं. आई आणि बहीण तिच्याकडे पाहत राहिल्या. ती उठून शेजारच्या खोलीत गेली, जिथे अनिता झोपली होती. अडीच वर्षांची मुलगी, बाँबनं पोखरलेलं शहर, चार विजेत्या सैन्यांचा अंमल. एमिलीनं टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये नोकरी धरली. तीच वर्षानुवर्षं केली. आईच्या मदतीनं मुलीला वाढवलं, शिकवलं. अनिता पुढे अर्थशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. त्या भारतात आल्या, अनेकदा आल्या. एमिली कधीच आली नाही. मार्च १९९६ मध्ये ती वारली तेव्हा पंचाऐंशी वर्षांची होती. सुभाषबाबूंशी ओळख झाल्यापासून बासष्ट वर्षं होत आली होती आणि त्यातली एकत्र राहण्याची वर्षं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

प्रभावाचा प्रश्न मी याच हिशोबावर सोडवतो. सुभाषबाबूंच्या राजकीय आयुष्यातला असा एकही मोठा निर्णय मला दिसत नाही जो एमिलीमुळे वळला. १९३६ मध्ये ते तिला सोडून तुरुंगात गेले, १९३८ मध्ये तिला सोडून हरिपुऱ्याला गेले, १९४३ मध्ये तिला आणि तान्ह्या मुलीला सोडून पाणबुडीत गेले. वळलं ते तिचं आयुष्य. तरीही प्रभाव नव्हता असं मी म्हणणार नाही. पुस्तकाची पानं तिच्या हातून टंकलिखित झाली. आजारपणात आणि परदेशातल्या एकटेपणात तिची सोबत होती. आपली कामं जिच्यासमोर उघडी ठेवावीत अशी एक व्यक्ती होती. थोरांच्या चरित्रात असल्या गोष्टींना ‘खाजगी’ म्हणून तळटीपेत टाकायची पद्धत आहे. दोन खंडांवर शत्रू असलेल्या माणसाला एक घर असणं ही मला तळटीप वाटत नाही.

तिला सोडून जाण्याबद्दल आजचा वाचक त्यांना दोष देईल, आणि तो प्रश्न खरा आहे. मी त्याला घाईनं ‘देशासाठी’ असं उत्तर देणार नाही. दहा आठवड्यांच्या मुलीचा बाप असणं आणि ज्या पाणबुडीतून बहुधा परत येणं नाही तिच्यात चढणं, हे दोन्ही खरं होतं. ८ फेब्रुवारीच्या पत्रात दोन्ही आहेत. जो माणूस आपल्या पाठीमागे बायकोमुलीची सोय लावण्यासाठी भावाला लेखी विनवतो, त्याला त्या दोघी आपल्या मोठेपणातली अडचण वाटत नव्हत्या. अडचण आपल्याला वाटते. आणि आपण अडचण म्हणून त्या दोघींना नाकारतो, तेव्हा त्यांची ती शेवटची विनंती नाकारतो. तुम्ही नेताजींचे भक्त असाल तर त्यांच्या हस्ताक्षरातलं मागणं तरी माना.

त्या मुलीला मी एवढंच सांगेन की सातवा खंड मिळवून वाच. आमच्या वाचनालयात तो नाही. मी या आठवड्यात मागणीपत्र दिलं आहे. ‘द इंडियन स्ट्रगल’ मात्र आहे, तेही उघड. ब्रिटिश सरकारनं भारतात बंदी घातलेल्या या पुस्तकाची प्रस्तावना सुभाषबाबूंनी व्हिएन्नात लिहिली. तारीख २९ नोव्हेंबर १९३४, अनिताच्या जन्माआधी बरोबर आठ वर्षं. पुस्तक लिहिताना मदत केल्याबद्दल त्यांनी त्यात नाव घेऊन आभार मानले आहेत ते एकाच व्यक्तीचे. ते नाव आहे फ्राउलाइन ई. शेंकल.